खडकवासल्याची वाट

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात शिरोळ येथे दिलेले व्याख्यान)



आजच्या मेळाव्यात मी बोलावे अशी मंडळाच्या चालकांनी आज्ञा केली, तेव्हा विषयही त्यांनीच नेमून दिला. आपल्या ज्ञातीतील मुलामुलींना सैन्यात अधिकारी म्हणून प्रवेश मिळावा, त्यासाठी अर्ज कसा करावा आणि तो अर्ज बळकट कसा व्हावा, एवढे सांगा, असे त्यांचे म्हणणे. विषय दिसावयास लहान आहे. परंतु ‘अर्ज बळकट करणे’ या शब्दांना आपल्याकडे एक रूढ अर्थ चिकटलेला आहे. अर्जासोबत कोणाचे तरी पत्र जावे, कोणी तरी वरच्या मंडळींच्या कानावर नाव घालावे, म्हणजे अर्ज बळकट झाला अशी आपली समजूत. म्हणून आरंभीच सांगून टाकतो की, या अर्जाला असे पत्र जोडण्याची सोयच नाही. आणि आपल्यासारख्या कुटुंबांच्या दृष्टीने ही मोठ्या भाग्याची गोष्ट आहे.

आपला शिरोळ तालुका सैनिकांचा आहे, हे आपणांस निराळे सांगणे नलगे. याच तालुक्यातील टाकळीला ‘सैनिक टाकळी’ असे नाव पडले, ते उगीच नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या तेथील घराघरांतून माणसे पलटणीत गेली. बेळगावचे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या वाडवडिलांना जणू दुसरे घरच वाटत असे. परंतु एक गोष्ट मनाशी नीट ताडून पाहावी. शिपाई म्हणून भरती होऊन सुभेदारीपर्यंत चढलेल्या बापाचा मुलगा पुन्हा भरतीच्याच रांगेत उभा राहिलेला आपण पाहतो. सोळाव्या वर्षी त्याच्यासाठी दुसरेही एक दार उघडे होते, ही वार्ता त्याला एकविसाव्या वर्षी कळते, आणि तोवर ते दार बंद झालेले असते. यात जवानाच्या पदाला कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. जवानावाचून सेना नाही. परंतु दोन दारे उघडी असता एकाचीच माहिती असणे याला निवड म्हणता येत नाही. त्यातही २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली, तेव्हा जवानांची भरती चार वर्षांकरिता होईल व त्यांतील जास्तीत जास्त चौथा हिस्सा पुढे कायम सेवेत घेतला जाईल, असे ठरले. अशा वेळी दुसऱ्या दाराची माहिती घराघरांत असणे अधिकच अगत्याचे झाले आहे.

हे दार पूर्वी कसे होते, ते थोडक्यात पाहू. इंग्रजी अमलात हिंदी माणसाला बादशाही अधिकारपत्र मिळणे जवळजवळ अशक्य होते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, म्हणजे १९१८ पासून, इंग्लंडातील सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात हिंदी तरुणांकरिता वर्षाला दहा जागा ठेवण्यात आल्या. साऱ्या हिंदुस्थानास दहा! त्या जागांसाठी नावे पुढे येत ती घराणे, सरकारदरबारची ओळख आणि साहेबांची मर्जी पाहून. अशा बिकट काळातही आपल्या जिल्ह्यातील वडगाव येथे १९०६ मध्ये जन्मलेले शंकरराव पांडुरंग पाटील थोरात सँडहर्स्टला गेले व १९२६ मध्ये अधिकारी झाले. १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील आराकानच्या किनाऱ्यावर कांगॉ येथे जी घनघोर लढाई झाली, तीत एका ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे नेतृत्व हिंदी अधिकाऱ्यांकडे होते. ते तिघे म्हणजे थिमय्या, सेन आणि आपले थोरात. तिघांनाही डी. एस. ओ. हे सन्मानचिन्ह मिळाले. पुढे लेफ्टनंट जनरल थोरातांनी १९५७ ते १९६१ या काळात पूर्व विभागाचे सेनापतिपद सांभाळले. कोल्हापूर जिल्ह्यातील एका खेड्याच्या मातीतून एवढा सेनानी निघू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. मात्र त्या काळी असे दार एखाद्याच थोरातांना उघडत असे, हेही विसरता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर हे सारे बदलले. १९४९ च्या जानेवारीत डेहराडूनला तिन्ही दलांच्या छात्रांचे एकत्र शिक्षण सुरू झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पंडित नेहरूंच्या हस्ते पुण्याजवळ खडकवासल्यास राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला बसविण्यात आली, आणि १९५५ च्या जानेवारीत तिचे उद्घाटन झाले. तेथील मुख्य इमारतीस सुदान ब्लॉक म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी हिंदी सैनिकांनी जे रक्त सांडले, त्याच्या स्मरणार्थ तेथील सरकारने दिलेली देणगी या वास्तूच्या कामी आली. जवानांच्या बलिदानातून मिळालेल्या द्रव्याने अधिकाऱ्यांची पाठशाळा उभी राहिली, ही गोष्ट आपल्या तालुक्यातील प्रत्येक सैनिकाच्या घराने लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या पाठशाळेवर जवानाच्या मुलाचा हक्क नाही, तर कोणाचा?

आता तो हक्क कसा बजावावा ते पाहू. प्रबोधिनीत प्रवेशासाठी संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोन वेळा, साधारणतः एप्रिल व सप्टेंबर महिन्यांत, लेखी परीक्षा घेतो. एकेका परीक्षेतून सुमारे चारशे जागा भरल्या जातात आणि अर्ज करणारे लाखांनी असतात. वय साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांच्या आत असावे लागते व विवाह झालेला नसावा लागतो. बारावीत शिकणारा विद्यार्थीही अर्ज करू शकतो. अर्जाचे शुल्क १०० रुपये आहे. मुलींना, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना आणि सेवेत असलेल्या जवानांच्या व कनिष्ठ आयुक्त अधिकाऱ्यांच्या मुलांना तेही माफ आहे. शुल्कात सवलत आहे, परंतु ज्ञातीवर राखून ठेवलेली जागा तेथे एकही नाही. आमदारांचे पत्र नाही, संस्थेचा ठराव नाही, मंडळाचा दाखलाही नाही. आपले मंडळ कितीही मोठे झाले, तरी तेथे त्याचा शिक्का उमटावयाचा नाही.

मग अर्ज बळकट कशाने होतो? माझे उत्तर असे की, तो अर्जदाराच्या मागच्या पाच-सहा वर्षांनी होतो. अर्ज भरण्यास अर्धा तास पुरतो, पण अर्जात भरण्यासारखे काही असावे यासाठी वर्षे लागतात.

प्रथम अगदी साध्या गोष्टी सांगतो, कारण पुष्कळांची गाडी तेथेच अडते. जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावर असेल तीच आयोग ग्राह्य धरतो. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारपत्रावर दुसरे आणि वडिलांच्या नावाचे लेखन तिसऱ्याच तऱ्हेचे, असा प्रकार आपल्या घरांत सर्रास आढळतो. तो दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वीच मुख्याध्यापकांना भेटून दुरुस्त करून घ्यावा. दुसरी गोष्ट अकरावीच्या विषयांची. भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, परंतु नौदल व वायुदल यांसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय असावेच लागतात. शिवाय लेखी परीक्षेत गणिताची प्रश्नपत्रिका सर्वांनाच द्यावी लागते. डॉक्टर व्हावयाचे म्हणून, किंवा कठीण वाटते म्हणून, अकरावीत गणित सोडणारा विद्यार्थी त्याच दिवशी दोन दलांची दारे स्वतःच्या हाताने लावून घेतो. हे त्याला त्या दिवशी कोणी सांगत नाही, म्हणून आज मी सांगत आहे.

लेखी परीक्षा ९०० गुणांची असते. त्यांपैकी गणिताचे ३००, आणि इंग्रजी व सामान्यज्ञान मिळून ६००. प्रत्येक प्रश्नपत्रिकेस अडीच तास. उत्तरे पर्यायांतून निवडावयाची असतात, आणि चुकलेल्या उत्तरापोटी त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण वजा होतात. म्हणजे अंदाजाने ठोकून देण्याची सवय येथे अंगाशी येते. प्रश्नपत्रिका हिंदी व इंग्रजी भाषांत असते, मराठीत नसते. तेव्हा आठवीपासूनच गणितातील संज्ञा इंग्रजीतूनही माहीत करून घ्याव्यात. यासाठी मराठी शाळा सोडण्याचे कारण नाही. रोज एक पान इंग्रजी मोठ्याने वाचावे, पाच ओळी स्वतःच्या इंग्रजीत लिहाव्यात, आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात. आयोग त्या आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवतो. पुस्तकांच्या ढिगापेक्षा दहा प्रश्नपत्रिका चोख सोडविल्याचा उपयोग अधिक होतो.

लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर सेवा निवड मंडळापुढे जावे लागते. मुख्य कसोटी ती. तिलाही ९०० गुण आहेत, म्हणजे लेखीच्या बरोबरीने. दुसऱ्या महायुद्धात केवळ घराणे व शाळा पाहून निवडलेले अधिकारी पुरेनात व पेलेनात, असा अनुभव आल्यावर इंग्लंडात १९४२ मध्ये आणि आपल्याकडे त्याच्या पुढल्या वर्षी ही पद्धत सुरू झाली. सुमारे पाच दिवस उमेदवारांना एकत्र ठेवून त्यांची पारख केली जाते. पहिल्याच दिवशी बुद्धिमापनाची चाचणी होते, तसेच एक अंधुक चित्र दाखवून त्यावर गोष्ट लिहावयास व गटात चर्चा करावयास सांगतात. त्यातून बरेच जण त्याच दिवशी परत पाठविले जातात. जे राहतात त्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या होतात. बारा चित्रांवरून गोष्टी लिहावयाच्या, त्यांपैकी शेवटचे चित्र कोरेच असते. साठ शब्द एकामागून एक दाखवितात, आणि प्रत्येकास पंधरा सेकंदांत मनात आलेला विचार लिहावयाचा. साठ प्रसंग अर्ध्या तासात, त्या त्या वेळी आपण काय कराल ते लिहावयाचे. मग मैदानावर गटाने करावयाची कामे. फळ्या, दोर, ओंडके आणि पिंपे देतात, आणि आखून दिलेले अंतर जमिनीला स्पर्श न करता सर्वांनी पार करावयाचे असते. शिवाय प्रत्यक्ष मुलाखत होते. मानसशास्त्रज्ञ, मैदानावरचा परीक्षक व मुलाखत घेणारा अधिकारी हे तिघे तीन बाजूंनी एकाच माणसाला पाहतात. अखेरीस तिघांची मते एकत्र येतात. वागण्याचे सोंग एका दिवशी एकापुढे वठेल, पण पाच दिवस तिघांपुढे वठत नाही.

या मंडळापुढे जाताना उमेदवार स्वतःविषयीच्या माहितीचा एक तक्ता भरून देतो. माझ्या मते खरा अर्ज तोच. आईवडिलांचा व्यवसाय, शिक्षण, गुण, खेळ, छंद आणि अंगावर घेतलेल्या जबाबदाऱ्या अशी त्यात विचारणा असते. मुलाखतीतील बहुतेक प्रश्न त्यावरूनच निघतात. आमची मुले तेथे काय लिहितात? छंद, वाचन. खेळ, क्रिकेट. जबाबदारी, काही नाही. मग वाचनाविषयी विचारले की शेवटचे पुस्तक आठवत नाही, आणि खेळाविषयी विचारले की मैदानाची मापे सांगता येत नाहीत. असा तक्ता भरणाऱ्याचे काही चांगले व्हावे, अशी इच्छा असूनही मंडळ काय करील?

आणि गंमत अशी की, ‘काही नाही’ असे लिहिणाऱ्या याच मुलाने प्रत्यक्षात पुष्कळ केलेले असते. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा-पंचगंगेच्या पुराने आपल्या गावांना वेढा घातला, ते दिवस आठवा. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांनी रात्रीत जनावरे सोडून उंचावर नेली, म्हाताऱ्या माणसांना आधार देऊन नावेत बसविले, छावणीत कोणत्या घरची किती माणसे आली याच्या याद्या केल्या, आणि वैरणीच्या वाटपात तंटा होऊ दिला नाही. नेतृत्व म्हणजे याहून निराळे काय असते? परंतु घरचे काम म्हणून आपण ते जमेस धरीत नाही, आणि मुलालाही ते सांगण्यासारखे वाटत नाही. बाप आजारी असता एक हंगाम ज्याने ऊस तोडणीपासून कारखान्याच्या बिलापर्यंत सांभाळला, त्या मुलाने ‘जबाबदारी’ या रकान्यात रेघ मारणे हे नम्रतेचे लक्षण नव्हे. तो स्वतःवरच केलेला अन्याय आहे.

म्हणून माझी विद्यार्थ्यांना सूचना अशी की, आठवीपासून एक वही ठेवा. त्यात महिन्यातून एकदा लिहा. या महिन्यात मी कोणते काम अंगावर घेतले, त्यात कोण माझ्याबरोबर होते, अडचण कोणती आली, ती कशी निवारली, आणि काय जमले नाही. चार वर्षांनी ती वही तुमच्या तक्त्याचा आधार होईल, आणि प्रश्नाला उत्तर देताना आठवणी शोधाव्या लागणार नाहीत. मात्र वहीत खोटे एक अक्षर लिहू नका. न केलेले काम सांगणारा दोन प्रतिप्रश्नांत उघडा पडतो. वडील शेतमजुरी करीत असतील तर तसे स्वच्छ लिहावे. ते लपविणाराविषयी परीक्षकाच्या मनात जी शंका येते, ती मजुरीविषयी नसते, लपविण्याविषयी असते.

एक खेळ मनापासून धरावा. सांघिक असल्यास उत्तम. आपली कबड्डी काय वाईट आहे? शाळेत, गणेशोत्सवात, ग्रंथालयात, कोठे तरी एखाद्या कामाचा हिशेब आपल्याकडे घ्यावा. आणि आपला मुलूख जाणून घ्यावा. पूर का येतो, धरणांचे पाणी व नद्यांचे संगम यांचा त्याशी संबंध काय, आपल्या तालुक्यात जमीन क्षारपड का झाली, अति पाणी देणे व निचरा नसणे यांचा त्यात वाटा किती, सहकारी साखर कारखाना चालतो कसा, खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचे वैशिष्ट्य काय, हे तुम्हांस दोन मिनिटांत नीट सांगता आले पाहिजे. स्वतःच्या गावाविषयी ज्याला बोलता येत नाही, त्याने जगाच्या राजकारणावर पाठ केलेली वाक्ये म्हणून दाखविण्यात अर्थ नाही. इंग्रजी बोलण्याची धास्तीही बाळगू नये. उच्चारांच्या दिमाखापेक्षा विचारांचा सरळपणा तेथे मोलाचा ठरतो. पण सरळ विचार चारचौघांत उभे राहून मांडण्याची सवय हवी, आणि ती सवय आमच्या घरांत लागत नाही. मोठी माणसे बोलत असता लहानांनी गप्प बसावे, हा आमचा शिरस्ता. आदर राखून आपले मत सांगणाऱ्या मुलाला आपण उद्धट म्हणू लागलो, तर पुढे मंडळापुढे त्याच्या तोंडून शब्द कसा फुटावा?

प्रकृतीविषयी दोन शब्द. निवड होऊनही वैद्यकीय तपासणीत मुले मागे पडतात, हे दुःख मोठे असते. दृष्टी, कान, दात, सपाट तळपाय, एकमेकांस लागणारे गुडघे आणि वजन यांची तपासणी पंधराव्या वर्षीच चांगल्या डॉक्टरांकडून करून घ्यावी. काही दोष वेळीच सुधारतात, आणि जे सुधारण्यासारखे नसतील ते आधीच कळले तर मुलाचा मार्ग वेळीच बदलता येतो. रोजची धाव, सूर्यनमस्कार आणि वेळेवर झोप यांना पर्याय नाही.

या मुख्य दाराकडे नेणाऱ्या पायऱ्याही आहेत, व त्या वयाप्रमाणे ध्यानात ठेवाव्यात. दहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी सहावीला सातारची सैनिक शाळा आहे. १९६१ मध्ये निघालेली ही देशातील पहिली सैनिक शाळा. त्याच वयासाठी बेळगावची राष्ट्रीय मिलिटरी स्कूल आहे. साडेअकरा ते तेरा या वयात डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजची परीक्षा देता येते. हे कॉलेज १९२२ चे आहे. तेथे राज्यवार जागा असून आपल्या राज्यात ती परीक्षा पुण्याच्या परीक्षा परिषदेमार्फत होते. दहावीनंतर दोन वर्षांसाठी छत्रपती संभाजीनगर येथे राज्य शासनाने १९७७ पासून चालविलेली सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था आहे. तिचा अर्ज दहावीच्या वर्षातच करावा लागतो. लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांसाठी नाशिक रोड येथील शासनाच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात निवड मंडळाची पूर्वतयारी विनामूल्य करून घेतात. त्याची माहिती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळते. पदवीनंतर दुसरी परीक्षा आहेच. आणि जो आज जवान म्हणून सेवेत आहे, त्यालाही आर्मी कॅडेट कॉलेजमार्फत अधिकारी होण्याची वाट खुली आहे. सैनिक टाकळीसारख्या गावांनी ही शेवटची वाट विशेष ध्यानात ठेवावी.

भगिनींनो, आता हे सारे मुलींनाही लागू आहे. २०२१ च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाने मुलींना प्रबोधिनीच्या परीक्षेस बसू देण्याचा आदेश दिला. २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी खडकवासल्यास दाखल झाली, आणि ३० मे २०२५ रोजी त्यांपैकी १७ जणी शिक्षण पूर्ण करून संचलन करीत बाहेर पडल्या. सैनिक शाळांची दारेही आता मुलींना उघडी आहेत, आणि नाशिकला मुलींसाठी पूर्वशिक्षण संस्था २०२३ मध्ये निघाली. तेव्हा मुलगी हुशार आहे पण मुलगी आहे, हे वाक्य यापुढे या मंडपात कोणी उच्चारू नये.

पालकांना थोडे निराळे सांगावयाचे आहे. प्रबोधिनीतील शिक्षण, निवास व भोजन यांचा भार शासन उचलते. कमी उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांस हातखर्चासाठी साहाय्य मिळते. पहिल्यांदा मंडळापुढे जाणाऱ्या उमेदवारास रेल्वेचे भाडेही मिळते. म्हणजे पैशाची अडचण तेथे फारशी नाही. अडचण असलीच तर ती फसवणुकीची आहे. ‘मंडळात आपला माणूस आहे, अमुक रक्कम द्या’ असे म्हणणारा जो कोणी भेटेल, तो निखालस लबाड समजावा आणि त्याला उंबऱ्यावरूनच वाटेला लावावे.

आणि एक अवघड गोष्ट बोलल्यावाचून माझे काम पुरे होणार नाही. सैन्यातील अधिकारीपद म्हणजे गणवेश, बंगला आणि मानमरातब एवढेच नव्हे. संकटात अधिकारी पुढे असतो, आणि त्याच्या घरी कधी काय निरोप येईल ते सांगता येत नाही. आपल्या तालुक्यातील काही घरांनी असे निरोप झेललेले आहेत. तेव्हा शेजाऱ्याचा मुलगा गेला म्हणून आपल्याही मुलाने जावे, असा हट्ट बापाने धरू नये. आणि मुलाची अंतःकरणापासून इच्छा असता ‘एकुलता एक आहेस, शेती कोण पाहील?’ म्हणून आईने त्याला अडवूही नये. घरातल्या सर्वांनी एकदा बसून, डोळे उघडे ठेवून हा विचार करावा. ज्याची इच्छा उसनी असते, त्याची ती पाच दिवसांत उघडी पडते. तेथे नाही पडली, तर पुढे चार वर्षांच्या खडतर शिक्षणात पडते. तीन वर्षे खडकवासल्यास आणि त्यानंतर सुमारे एक वर्ष ज्या त्या दलाच्या प्रबोधिनीत, असा तो क्रम आहे.

शिवाय अपयशाची तयारी ठेवावी. चारशे जागा आणि लाखो अर्ज, हे गणित कोणालाही समजण्यासारखे आहे. पहिल्याच दिवशी परत आलेल्या मुलाला गावाने हिणवू नये. वयाच्या मर्यादेत त्याला पुन्हा पुन्हा प्रयत्न करता येतो. आणि निवड नाहीच झाली, तरी गणित पक्के झालेला, चारचौघांत बोलणारा, शरीराने निकोप आणि जबाबदारी अंगावर घेणारा तरुण कोठेही वाया जात नाही.

अखेरीस मंडळाला माझी विनंती आहे. आपले पत्र तेथे चालत नाही, म्हणून आपले कर्तव्य संपत नाही. वार्षिक बक्षीससमारंभात गुणवंतांना पेले वाटण्याबरोबर चार कामे हाती घ्यावीत. मंडळाच्या सभागृहात एक फळा लावून त्यावर या सर्व परीक्षांच्या अर्जांच्या तारखा ठळक लिहाव्यात, आणि ते काम एका नेमलेल्या माणसाकडे असावे. जुन्या प्रश्नपत्रिकांचा एक संच व इंग्रजी-मराठी वर्तमानपत्रे ठेवावीत. दर रविवारी एक तास मुलामुलींनी उभे राहून नेमलेल्या विषयावर तीन मिनिटे बोलावे, आणि तालुक्यातील निवृत्त सुभेदार व हवालदार मंडळींना अधूनमधून पाचारण करून त्यांचे अनुभव ऐकावेत. आणि वैद्यकीय तपासणी, प्रवास व कागदपत्रे यांसाठी बिनव्याजी उसने देण्यापुरता एक छोटा निधी असावा.

हा रविवारचा वर्ग मात्र आपल्या ज्ञातीपुरता ठेवू नये. गावातील कोणाच्याही मुलाला तेथे सतरंजीवर जागा असावी. निवड मंडळाच्या मैदानावर जो गट पडतो, त्यात कोण कोणत्या ज्ञातीचा हे कोणी विचारीत नाही. दोराचे दुसरे टोक कोणी धरले आहे, एवढेच पाहावयाचे असते. ज्या मुलाने आपल्या आळीबाहेरच्या कोणाबरोबर कधी काम केले नाही, त्याला तेथे पहिल्यांदा ते शिकावे लागेल, आणि तेवढा वेळ तेथे नसतो. आपल्या मुलांचे हित सर्वांची मुले एकत्र येण्यातच आहे.

विद्यार्थिमित्रांनो, वडगावच्या एका मुलाला शंभर वर्षांपूर्वी जे दार मोठ्या प्रयासाने उघडावे लागले, ते आज तुमच्यासाठी वर्षातून दोनदा उघडते. तेथे तुमची शिफारस करणारा एकच इसम आहे, आणि तो म्हणजे तुमचे आजवरचे वागणे. त्याला आजपासून कामाला लावा. जय हिंद!